मशीनमधला उंदीर

३ फेब्रुवारी, सोमवार

समोरचा झेरॉक्सवाला आज म्हणाला, "उस्ताद, ग्रुप चालवायला खर्च काय येतो? फुकटच तर असतो." गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या खरा हिशोब मांडला. 'टाकादोरा' सुरू करून चार वर्षं झाली. त्यापायी गेलं ते असं: दुपारची झोप, सगळी. जेवताना हिच्याशी बोलणं, बरंचसं. चष्म्याचा नंबर, दोनदा. उजवा अंगठा, जो आता बाटलीचं झाकण उघडतानाही कळ मारतो. आणि एक मेव्हणा. तो रोज सकाळी फुलांची चित्रं टाकायचा म्हणून मी त्याला काढलं. तेव्हापासून त्यानं आमच्या घरात पाय ठेवलेला नाही. हे नुकसानीत धरायचं की फायद्यात, यावर घरात दोन मतं आहेत.

आणि जमेला काय? चारशेच्या वर माणसं. शिलाई मशीन दुरुस्त करणारे, शिवणारे, सुटे भाग विकणारे. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही असे लोक मला उस्ताद म्हणतात. कुणाचं मशीन कुरकुरलं की तो चिंधीवर चार टाके घालतो, फोन मशीनच्या पोटाशी धरतो आणि तो आवाज ग्रुपवर टाकतो. मी ऐकतो आणि सांगतो. पट्टा सैल आहे, सुई वाकडी आहे, बॉबिन उलटी बसवली आहे. तो करून बघतो आणि हात जोडलेलं चित्र पाठवतो.

नियम एकच आहे: एका मशीनला एकच उत्तर, आणि ते माझं. मी ज्या दुकानात झाडू मारत मोठा झालो, तिथले मालक म्हणायचे, दुकानाला एकच तोंड असावं. ते मला मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. मी कोपऱ्यात बसून नुसता ऐकायचो. तिथेच हे कान तयार झाले. आज छातीवर हात ठेवून लिहितो, माझ्या कानातून निसटेल असा मशीनचा आवाज अजून जन्माला आलेला नाही.

जाता जाता: वायरमननं मागच्या आठवड्यात दारावर नवी बेल बसवली, ती एकदाही वाजलेली नाही. लोक शेवटी दारावर थापा मारतात. माणूस बोलायला गोड आहे, कामाला भिकार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोक्याला ताप झाला.

ग्रुपवर एक नवीन बाई आली आहे, पडदे शिवते. आल्या आल्या तिनं सांगितलं की एका नव्या हॉस्टेलच्या सगळ्या खोल्यांच्या पडद्यांचं काम मिळालंय, महिनाअखेर द्यायचंय, नाही दिलं तर काम दुसऱ्याला जाईल. मशीन जुनं, मोठं, मोटारवालं. दुपारी तिनं त्याचा आवाज टाकला. मी दोनदा ऐकला. साफ होतं. ठक, ठक, ठक. पट्टा सैल. मी लिहिलं, "पट्टा घट्ट करा आणि बिनधास्त चालवा."

इतक्यात फॅक्टरीताई मध्ये पडली. ही कपड्यांच्या एका मोठ्या फॅक्टरीत मशीनं सांभाळते, दीडएक वर्षापूर्वी ग्रुपमध्ये आली. काम येतं तिला, नाही म्हणत नाही. पण जीभ कात्रीसारखी. तिनं लिहिलं, "उस्ताद, पट्टा सैल आहेच. पण मागे बारीक चीं ऐकू येतंय. तेल वर चढत नाहीये. ताई, मशीनच्या डोक्यावर काचेची छोटी खिडकी आहे, त्यात तेल उडताना दिसतंय का बघा. दिसत नसेल तर मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा."

मी परत ऐकलं. फोन कानाला लावून ऐकलं. ठक, ठक, ठक. कसलं चीं नि कसलं काय. ज्याला आपलं नाव करून घ्यायचं असतं त्याला असले जादाचे आवाज ऐकू येतात, ही माझी बरीच जुनी पाहणी आहे. शिवाय ती बाई नवीन, हातात घाईचं काम. एकीकडे "चालवा", दुसरीकडे "बंद करा". तिनं करायचं काय? मी फॅक्टरीताईचा मजकूर उडवला आणि लिहिलं, "एका मशीनला एकच उत्तर."

तिनं परत टाकला. मी परत उडवला.

तिसऱ्यांदा तिनं लिहिलं, "तुमचे कान आहेत की भिंतीचे?"

आठ दिवसांसाठी बाहेर. चारशे माणसांसमोर असं बोलल्यावर दुसरं काय करणार?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रुपवर शांतता. कालच्या प्रकाराबद्दल एकानंही ब्र काढलेला नाही. म्हणजे सगळ्यांना पटलेलं आहे.

पडदेवालीनं लिहिलंय की पट्टा घट्ट केला, ठकठक थांबली, काम जोरात सुरू आहे. हात जोडलेलं चित्र. मी हे मुद्दाम दिवसभर वर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

९ फेब्रुवारी, रविवार

चष्मेवाला आला होता. आम्ही दोघं त्या जुन्या दुकानात एकत्र उमेदवारी केलेली. आता तो सुटे भाग विकतो आणि ग्रुप सांभाळायला माझ्या हाताखाली असतो. 'हाताखाली' म्हटलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

हीच दार उघडायला गेली. मी म्हटलं, तुला कसं कळलं कोणी आलंय ते? बेल तर मेलेली आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी पुटपुटली आणि चहा टाकायला गेली. हल्ली ती फार पुटपुटते. मुलीचंही तेच. लग्न झाल्यापासून फोनवर शब्दांची शेपटं गिळते. जावयाचं मात्र सगळं स्पष्ट कळतं. भारदस्त आवाज आहे त्याचा.

चष्मेवाला म्हणाला, "लेका, फॅक्टरीताईला परत घे."

"का? उणं काय पडलंय?"

"उणं काही नाही. पण मला वाटतं, त्यात चीं होतं."

"वाटतं? वाटण्यावर मशीन दुरुस्त होत नाही. तू ऐकलंस की वाटलं?"

तो चष्मा पुसत बसला. तो चष्मा पुसायला लागला की समजायचं, त्याला बोलायचंय पण बोलणार नाही. मग म्हणाला, "जाऊ दे. तू म्हणतोस तर नसेल."

"हे आधी म्हणाला असतास तर चहा गरम प्यायला असतास," मी म्हटलं. तो हसला. तसा थोडा कमीच हसला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचं जिवावर आलंय, तरी लिहितो.

सकाळी पडदेवालीचा मजकूर: "उस्ताद, मशीन जाम झालं. चाक हातानंही फिरत नाही. जळका वास येतोय. पट्टा तुम्ही सांगितलात तेवढाच घट्ट केला होता."

मग एकानं: "ताईंनी सांगितलं होतं ना, खिडकी बघा म्हणून."

दुसरा: "कुठे सांगितलं? मला तर दिसत नाही."

तिसरा: "दिसेल कसं? उडवलंय."

मी लिहिलं की मशीन जुनं आहे, जुन्या मशीनचं काही सांगता येत नाही, जाम व्हायला सतरा कारणं असतात. यात खोटं एक अक्षर नाही. तरी त्यानंतर ओळी सुरू झाल्या. अमका बाहेर पडला. तमकी बाहेर पडली. ना भांडण, ना शिव्या. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं. नुसत्या ओळी एकाखाली एक. मी दुकानात शटर अर्धं ओढून बघत बसलो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कोणी गेलं का हो?" म्हटलं, "हो, बरेच."

चष्मेवाल्याला फोन केला. म्हणाला, "मी आहे अजून." ते 'अजून' मला आवडलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा ग्रुप निघाला. फॅक्टरीताईचा. नाव काय ठेवलंय? 'बारीक आवाज'.

मी तिला बोट धरून आणलं असतं तर एक वेळ म्हटलं असतं, कृतघ्न. आणलंही नव्हतं, आपली आपणच आली होती. त्यामुळे तेही म्हणता येत नाही. संताप करायचा तरी कशावर?

हिनं विचारलं, "त्या पडदेवालीचं काय झालं?" मी तिला ग्रुपचं सगळं सांगत होतो, कोण कोण गेलं ते. ती म्हणाली, "ते कळलं हो. तिच्या पडद्यांचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पेटी उचलली आणि पडदेवालीकडे गेलो. पत्ता चष्मेवाल्यानं काढून दिला. दोन बस बदलून, पुढे एक लांब सरळ रस्ता, गॅरेजच्या वरचा मजला. जिन्यावरच शिलाईचा आवाज आला. म्हटलं, चला, सुटलं वाटतं मशीन. आपण उगाच धसका घेतला.

खोली एकच. कापडाचे तागे छतापर्यंत. पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला, म्हणजे रात्री तागे हलवल्याशिवाय कोणाला आडवं होता येत नसणार. बाई मशीनवर होती, पण मशीन वेगळं होतं. तिचं मशीन दाराशी, चादरीखाली. आजारी माणूस झाकावा तसं.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"फॅक्टरीताईंनी पाठवलं. त्यांच्याकडे पडून होतं म्हणे. दोघं जण टेम्पोतून घेऊन आले आणि जिन्यावरून उचलून वर आणून ठेवून गेले. चहाही प्यायले नाहीत."

मी रोज ग्रुप बघतो. यातलं अक्षर कुठे आलेलं नव्हतं.

टेबलाखाली तिची मुलगी चित्र काढत बसली होती, असेल सहा वर्षांची. ती बाहेर आली आणि माझ्या पेटीकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोण?"

"मी मशीनचा डॉक्टर."

"मग उंदीर काढणार?"

"कसला उंदीर?"

बाई घाईनं म्हणाली, "काही नाही दादा, पोरीचं आपलं काहीतरी." पण पोरगी ऐकेना. "आईच्या मशीनमध्ये उंदीर होता. आई शिवायला लागली की ओरडायचा. मी कानात बोटं घालून बाहेर जिन्यात बसायची. मग तो मेला."

"कधी मेला?"

"मशीन मेलं तेव्हाच."

मी चादर काढली, मशीन उघडलं. तेल खालच्या तबकात तुडुंब, वर थेंब नाही. तेल वर चढवणाऱ्या पंपाच्या जाळीत कापडाचा भुगा गच्च बसलेला. वरचा दांडा कोरडा फिरून फिरून निळा पडलेला, त्याच्या बेअरिंगला चिकटून बसलेला. काचेची ती खिडकी, जिच्यात तेल उडताना दिसायला हवं, ती आतून पार कोरडी. नुसती मान वर करून बघितलं असतं तरी दिसलं असतं.

मी म्हटलं, "पट्टा मात्र सैल होता."

"हो दादा," ती म्हणाली. "तुम्ही बरोबरच सांगितलं होतं."

तिनं ते मनापासून म्हटलं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मशीन बरोबर घेऊन आलो. खाली गॅरेजवाल्यानं उचलू लागायला हात दिला. "पडदे किती झाले?" मी निघताना विचारलं. तिनं ताग्यांकडे बघितलं आणि हसली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ही कपड्यांच्या घड्या करत होती. मी काही न सांगता तो आवाज लावला.

"बंद करा हो ते," ती म्हणाली. "दातात कळ येते."

"काय बंद करू? ठकठक?"

"ठकठक कुठली? ते चीं चीं."

मी परत लावला. ती ओरडली. मी डाव्या कानाला लावला, उजव्या कानाला लावला. ठक, ठक, ठक. मग दुकान उघडल्यावर झेरॉक्सवाल्याला ऐकवला. तो म्हणाला, "काय उस्ताद, उंदीर पाळलाय का?"

तिसऱ्याला विचारलं नाही.

मग हे समजून घेत बसलो की दुकानातली दुरुस्ती कधी चुकत नाही, ती कशी. तर तिथे मी मशीनवर हात ठेवून ऐकतो. पहिल्यापासूनची सवय. हाताला सगळं कळतं. फोनवर हात ठेवता येत नाही. फोनच्या स्पीकरचाही दोष असणार, आजकाल काय माल येतो! मुलीला फोन करून हे सांगितलं. ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. तर जावयानं फोन घेतला आणि म्हणाला, "बाबा, ती म्हणतेय की कानाच्या डॉक्टरला दाखवा. दोन वर्षं म्हणतेय."

दोन वर्षं म्हणतेय तर मला कसं कळलं नाही?

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रुपवर काहीतरी लिहायला हवं. पहिला मसुदा केला: "काही तांत्रिक कारणांमुळे एका सदस्येच्या मशीनबाबत गैरसमज निर्माण झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत." हिला वाचून दाखवला.

"हे कुणी लिहिलंय? वीज कंपनीनं?"

दुसरा लांबलचक झाला. त्यात मी झाडू मारायचो ते आलं, मालक आले, चार वर्षांची दुपारची झोप आली. लिहिताना माझेच डोळे भरून आले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, "छान आहे. पण यात तुमचं चुकलं ते कुठल्या ओळीत आहे?"

"ते समजून घ्यायचं असतं."

"समजून घेणारे गेले की हो निघून. आता उरलेत त्यांना लिहून द्या."

बायकोशी कोण वाद घालणार? शेवटी टाकलं ते इतकंच: "पडदेवाल्या ताईंच्या मशीनमधला बारीक आवाज मला ऐकू आला नाही. फॅक्टरीताईंना आला. त्यांनी सांगितलेलं मी उडवलं आणि त्यांना बाहेर काढलं. त्यामुळे मशीन जळलं. ते मी दुरुस्त करतोय. यापुढे कोणाचं उत्तर उडवणार नाही."

लिहायला फार वेळ लागला नाही. पाठवायला लागला.

सगळ्यांनी वाचलं, तसं दिसतंय. मग बऱ्याच वेळानं एकानं लिहिलं, "उस्ताद, तुम्ही महान आहात." त्याखाली धडाधड हात जोडलेली चित्रं. मी महान आहे हे मी कुठल्या ओळीत लिहिलं होतं? फोन फेकून द्यावासा वाटला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फॅक्टरीताईला फोन लावला. आजवर आम्ही एकमेकांशी बोललेलोच नव्हतो, नुसतं लिहिलेलं. तिचा आवाज निघाला सुईच्या टोकासारखा. मला अर्धं कळेना. "काय? काय म्हणालात?" असं चार वेळा झाल्यावर म्हटलं, "ताई, जरा जाड आवाजात बोला हो."

तिनं घसा खाकरला आणि बाप्यासारख्या आवाजात म्हणाली, "हे आधी सांगायचं ना, उस्ताद!" आणि हसली. मला हसायचं नव्हतं, तरी हसलो.

मी म्हटलं, "परत या."

"नाही. इथे माझं बरं चाललंय."

"मी जाहीर लिहिलंय."

"वाचलं. बरं लिहिलंत. पण लोक परत येणार नाहीत. तुमच्यावर रागावलेत असं समजू नका. घाबरतात."

"मला? अहो, मी दिवसभर विनोद करतो!"

"करता. आणि मग उडवता."

पुढे ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण कालांतरानं मी ते स्वतःला सोयीचं करून आठवीन. ती म्हणाली, "उस्ताद, वर्षभर तुमची उत्तरं माझ्याकडे तपासायला यायची. लोक आधी तुम्हाला विचारायचे, मान राखायचा म्हणून. मग तोच आवाज मला वेगळा पाठवायचे, ताई, हे बरोबर आहे का? ठकठक, खडखड असेल तर मी म्हणायची, उस्ताद म्हणतात तसंच करा. बारीक आवाज असेल तर मी सांगायची ते करायचे. आणि धन्यवाद तुम्हाला द्यायचे."

"मला कोणी का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं की. त्या दिवशी. तीन वेळा."

"आणि पडदेवाली?"

"ती नवीन होती. तिला ही पद्धत माहीत नव्हती. तिला खरंच वाटलं की तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं. म्हणून तर मला सगळ्यांसमोर लिहावं लागलं."

फोन ठेवल्यावर हात जोडलेली सगळी जुनी चित्रं वर सरकवत बघत बसलो. त्यातली माझी कुठली, तिची कुठली, आता काय कळणार?

चष्मेवाल्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो चष्मा पुसायला लागला. मी म्हटलं, "चष्मा ठेव खाली आणि बोल."

"लेका, मीच तर लोकांना तिचा नंबर द्यायचो," तो म्हणाला. "तुझं नाव राहावं म्हणून."

असल्या मित्राला मारावं की मिठी मारावी? दोन्ही केलं नाही. म्हटलं, "उद्यापासून तू हाताखाली नाहीस." त्याला वाटलं, काढला. तोंड पडलं त्याचं. मग सांगितलं की बरोबरीनं बस, आणि मी काही उडवायला गेलो तर माझा हात धर.

१ मार्च, शनिवार

शनिवारची बैठक घेतली. दर शनिवारी मी एक अवघड आवाज लावायचो, लोक अंदाज करायचे आणि शेवटी मी निकाल द्यायचो. आज एकाच्या मशीनचा आवाज लावला आणि लिहिलं, "मला यात फक्त घरघर ऐकू येते. अजून काही आहे का, तुम्ही सांगा. निकाल मी देणार नाही."

कोणी बोलेना. लोकांना वाटलं, ही परीक्षा आहे. मग एकानं भीत भीत लिहिलं, "शिट्टीसारखं काहीतरी?" दुसऱ्यानं, "नाही, खरडल्यासारखं." मग जे सुरू झालं! एकानं छातीठोकपणे चुकीचं सांगितलं, सुई बदला म्हणून. शेंबड्या पोरालाही कळेल की सुईचा काही संबंध नाही. माझा अंगठा त्या मजकुरावर जाऊन बसला. चष्मेवाला शेजारी होता. त्यानं नुसतं खाकरून दाखवलं. मी फोन पालथा ठेवला आणि उठून चहा करायला गेलो. चहा करण्याची सवय नाही. उतू गेला.

परत येईतो दोघांनी त्या सुईवाल्याची समजूत घातली होती आणि त्यानं कबूलही केलं होतं. पण वेळ किती गेला! मी एका वाक्यात संपवलं असतं. आणि ते वाक्य चुकलं असतं तर? हे असं आता दर शनिवारी मनात येत राहणार, आणि त्याला औषध नाही.

गेलेले परत आलेले नाहीत. फॅक्टरीताईशी एवढंच ठरलं की आमच्याकडे बारीक आवाज आला की तो तिकडे पाठवायचा, तिकडे ठकठक आली की इकडे. आज तिकडून पहिली ठकठक आली. पट्टा सैल होता. बरोबर निघालं. पण सांगण्याआधी मशीनवाल्याला लिहिलं होतं: "हात ठेवून बघा आणि सांगा."

पडदेवालीचं मशीन दुरुस्त करून काल पोचवलं. दांडा नवा, बेअरिंग नवं, जाळी साफ. खिडकीत तेल उडतंय. बाईचे अर्धे पडदे मुदतीत गेले. उरलेलं काम हॉस्टेलवाल्यांनी काढून दुसऱ्याला दिलं. उधारीवरच्या मशीननं जेवढं ओढलं तेवढं ओढलं. तिनं तक्रार केली नाही. अर्धे तागे मात्र खोलीतून गेले होते आणि पलंग खाली आडवा होता.

पोरगी मशीनला कान लावून बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, "आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही पण ऐका ना."

मी वाकून ऐकल्यासारखं केलं, हात मशीनवर ठेवून.

४ मार्च, मंगळवार

वायरमनला बोलावून घेतला. म्हटलं, बाबा रे, महिना झाला, ही तुझी बेल मेलेली आहे. तो बाहेर गेला. मी दाराच्या आत उभा राहिलो. बराच वेळ काही झालं नाही.

"दाब ना!" मी ओरडलो.

"काका, कधीचा दाबतोय," तो बाहेरून म्हणाला.

आतल्या खोलीतून ही पदराला हात पुसत आली. "अहो, दार उघडा की, केव्हाची बेल वाजतेय."

वायरमननं पेटी उघडलीच नाही. बेल बसवल्या दिवसापासून चालू आहे.